हकीम अजमल खान आणि बीपीच्या गोळीचा प्रवास

11 फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात युनानी दिन म्हणून साजरा होतो. युनानी कॉलेजांमध्ये व्याख्यानं होतात, मोफत तपासणीची शिबिरं लागतात, वर्तमानपत्रात एखादा लेख येतो. हा दिवस हकीम अजमल खान यांच्या जन्माचा. 1868 मध्ये दिल्लीत त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्याच्या लढ्यातले मोठे नेते, जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती, काँग्रेसचे अध्यक्ष, अशी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेली असते.

पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज आपल्या घराघरांत अब्बा, अम्मी, दादी, नानी सकाळच्या चहानंतर बीपीची जी गोळी घेतात, त्या गोळीच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान हकीमसाहेबांच्या कॉलेजात लिहिलं गेलं. आणि नेमकं त्यांच्याच पेशाचं नाव पुढे करून आज कितीतरी घरांत ही गोळी मधेच बंद केली जाते. इंग्रजी औषध गरम पडतं, एकदा सुरू झालं की सुटत नाही, त्यापेक्षा देशी जडीबुटी बरी, असं म्हटलं जातं. म्हणून हकीमसाहेबांचं आयुष्य या बाजूने एकदा समजून घ्यायला हवं.

शरीफ मंजिलचा मुलगा

जुन्या दिल्लीत चांदनी चौकातून बल्लीमारान मोहल्ल्यात शिरलं की शरीफ मंजिल ही हवेली लागते. हकीमांचं हे घराणं मुघल बादशहांच्या काळापासून दिल्लीत नावाजलेलं होतं. हकीम शरीफ खान या पूर्वजांवरून घराण्याला शरीफी हे नाव पडलं. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्ली उद्ध्वस्त केली, तेव्हा या हकीमांच्या गल्लीवर पतियाळाच्या महाराजांनी आपले शिपाई पहाऱ्याला बसवले होते, कारण हे घराणं महाराजांचं इलाज करणारं होतं. त्या पहाऱ्यामुळे आसपासच्या अनेकांचे जीव वाचले. मिर्झा गालिबही याच मोहल्ल्यात राहत. गालिब यांचा इंतकाल झाला तेव्हा अजमल खान नुकते एक वर्षाचे झाले होते.

अशा घरात वाढलेल्या या मुलाने लहानपणीच कुरआन हिफ्ज केलं. अरबी, फारसी शिकला. वालिद हकीम महमूद खान आणि थोरले बंधू यांच्याकडून तिब्ब म्हणजे युनानी वैद्यकाचे धडे घेतले. नाडी पाहणं, जीभ, डोळे, लघवी यांवरून रोग ओळखणं, रोग्याशी बोलून त्याचं खाणं, झोप, काळजी जाणून घेणं, हे सगळं त्यांनी घरच्या मतबमध्ये, रोग्यांच्या गर्दीत बसून आत्मसात केलं.

1892 मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले. साधारण दहा वर्षं तिथे राहिले. रामपूरच्या प्रसिद्ध ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचा खजिना होता. या ग्रंथांच्या सहवासात त्यांचा अभ्यास खोल झाला. पुढे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान आणि मग दुसरे बंधू हकीम वासिल खान अल्लाहला प्यारे झाले आणि सगळ्या घराण्याची, तसंच घराण्याने 1880 च्या दशकात सुरू केलेल्या मदरसा तिब्बियाची जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली.

दिल्लीत फी नाही

दिल्लीत हकीमसाहेबांच्या मतबमध्ये पहाटेपासून रांग लागायची. गरीब, श्रीमंत, हिंदू, मुसलमान, सगळे एकाच रांगेत. दिल्लीत ते रोग्याकडून फी घेत नसत. बाहेरगावी राजे-महाराजे बोलवायचे, तेव्हा मात्र दिवसाला हजार रुपये फी असे. त्या काळात ही रक्कम प्रचंड मोठी होती. पण हा पैसा हवेली सजवण्यात गेला नाही. औषधं शुद्ध आणि एकसारखी मिळावीत म्हणून त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना ही औषधं बनवणारी संस्था उभी केली आणि तिचं उत्पन्न कॉलेजाला दिलं. 1909 मध्ये बायकांना दाईचं आणि वैद्यकाचं शिक्षण देण्यासाठी वेगळा जनाना मदरसा सुरू केला. पडद्यात राहणाऱ्या बायका पुरुष हकीमाला आपलं दुखणं सांगत नाहीत आणि त्यामुळे बाळंतपणात मरतात, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करत होती.

दुसरीकडे सरकार हकीम-वैद्यांकडे संशयाने पाहत होतं. 1912 मध्ये आपल्या मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या यादीत हकीम आणि वैद्यांना जागा नव्हती. असाच कायदा सगळीकडे झाला तर देशी वैद्यक संपेल, हे हकीमसाहेबांनी ओळखलं होतं. 1910 मध्येच त्यांनी हकीम आणि वैद्य यांना एका परिषदेत एकत्र आणलं होतं. युनानी आणि आयुर्वेद यांनी आपसात भांडू नये, खांद्याला खांदा लावून उभं राहावं, हा त्यांचा आग्रह होता.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हकीमसाहेब सरकारशी भांडले ते देशी वैद्यकाच्या हक्कासाठी. पण आपल्या लोकांशीही ते तितकेच झगडले. आपल्या बापजाद्यांनी लिहिलं म्हणून ते बरोबर, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं. शरीररचनेचं ज्ञान, शस्त्रक्रिया, रसायनशास्त्र, हे सगळं हकीमाला यायला पाहिजे, असं ते म्हणत. जुन्या वळणाच्या अनेक हकीमांना हे रुचत नव्हतं. त्यांच्या नजरेत पाश्चात्त्य वैद्यक घेणं म्हणजे हार मानणं. हकीमसाहेबांच्या नजरेत ती हार नव्हती, तो इल्म होता आणि इल्म कुणाच्या बापाची जहागीर नसते.

लंडनचा किस्सा

1911 मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना या शहरांतली हॉस्पिटलं आणि वैद्यकीय कॉलेजं त्यांनी पाहिली. परतीच्या वाटेवर इस्तंबूल आणि कैरो पाहिलं. लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी तेव्हा काम करत होते. तिथला एक किस्सा त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितला जातो. तिथले मोठे सर्जन स्टॅन्ले बॉइड यांनी एका रोग्याच्या पित्ताशयात बिघाड आहे असं निदान केलं होतं. हकीमसाहेबांनी रोग्याला तपासलं आणि त्यांचं मत वेगळं पडलं. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जखम आहे, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि हकीमसाहेबांचं निदान बरोबर निघालं. बॉइड यांनी मोकळ्या मनाने दाद दिली.

हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातला खरा धडा पुढचा आहे. कुणाचं बरोबर हे वादाने ठरलं नाही, आत उघडून पाहिल्यावर ठरलं. हकीमसाहेब आपलं मत पारखून घ्यायला तयार होते आणि इंग्रज सर्जनही तयार होता. युरोपातून परतताना हकीमसाहेबांच्या मनात हेच पक्कं बसलं होतं, की आपलं वैद्यक टिकवायचं असेल तर ते प्रयोगशाळेत आणि हॉस्पिटलात तपासून दाखवावं लागेल.

तिब्बिया कॉलेज

यातूनच दिल्लीच्या करोल बागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं राहिलं. 29 मार्च 1916 ला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी पायाचा दगड बसवला आणि 13 फेब्रुवारी 1921 ला उद्घाटन महात्मा गांधी यांच्या हस्ते झालं. एकाच आवारात हकीम आणि वैद्य शिकणार, सोबत आधुनिक शास्त्रंही शिकवली जाणार, हॉस्पिटल असणार, औषधी वनस्पतींची बाग असणार. आणि संशोधनाचा एक विभागही असणार. हा शेवटचा विभाग त्यांच्या मनात सगळ्यात खोल होता, पण तो चालवायला माणूस मिळत नव्हता.

याच काळात ते राजकारणात आघाडीवर होते. मुस्लिम लीग, खिलाफत परिषद आणि काँग्रेस या तिन्हींचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. 1921 च्या अहमदाबाद अधिवेशनात निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, म्हणून त्यांच्या जागी हकीमसाहेब बसले. सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी 1920 मध्ये असहकाराच्या चळवळीत परत केला. लोकांनी मग आपल्याकडून त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटलं. त्याच वर्षी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. 1925 मध्ये ती दिल्लीला करोल बागेत आणली गेली. जामियाची तिजोरी रिकामी व्हायची, तेव्हा हकीमसाहेब आपल्या खिशातून भर घालायचे.

एक तरुण, एक मुळी

आता त्या माणसाची गोष्ट, ज्याची हकीमसाहेब वाट पाहत होते. सलीमुज्जमान सिद्दीकी हे बाराबंकी जिल्ह्यातल्या सुबेहा गावचे. 1897 चा जन्म. अलीगढला शिकले, मग लंडन आणि तिथून जर्मनीत फ्रँकफर्टला रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. जर्मनीत असताना पैशाची अडचण आली, तेव्हा हकीमसाहेबांनी त्यांना मदत पाठवली. 1927 मध्ये डॉक्टरेट घेऊन सिद्दीकी परतले आणि तिब्बिया कॉलेजातल्या संशोधन संस्थेचं काम त्यांच्यावर सोपवण्यात आलं.

काम सुरू होत होतं तोच, 29 डिसेंबर 1927 ला, रामपूरमध्ये हकीमसाहेबांचा इंतकाल झाला. हृदयाचा विकार होता. वय साठच्याही आत. सगळ्या दिल्लीची नाडी पाहणारा माणूस हृदयाच्याच दुखण्याने गेला. त्यांनी पेरलेलं रोप उगवलेलं पाहायला ते राहिले नाहीत.

सिद्दीकी यांनी ज्या वनस्पतीवर काम केलं, तिचं नाव सर्पगंधा. युनानीत तिला असरोल म्हणतात. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या पश्चिम घाटापर्यंत, सावलीच्या जमिनीत वाढणारं हे छोटं झुडूप. साप चावला, झोप येत नाही, माणूस वेडापिसा झाला, अशा वेळी हकीम आणि वैद्य तिची मुळी देत. बिहारकडे तर तिला पागलपणाची दवा म्हणूनच ओळखत. पण मुळीची अडचण अशी, की एका झाडाच्या मुळीत औषधी अंश जास्त, दुसरीत कमी. पावसाळ्यात खणली तर वेगळी, उन्हाळ्यात खणली तर वेगळी. चिमूटभर पूड म्हणजे नेमकं किती औषध, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

1931 मध्ये सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी राफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून शुद्ध स्फटिकरूप द्रव्यं वेगळी काढली. पहिल्या द्रव्याला त्यांनी आपल्या मरहूम उस्तादांचं आणि आश्रयदात्याचं नाव दिलं. अजमलीन. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या द्रव्यांना अजमलिनीन, अजमलिसीन अशी नावं मिळाली. आजही हृदयाच्या ठोक्यांमधला एक दुर्मिळ, धोकादायक दोष ओळखण्यासाठी जगातल्या मोठ्या हॉस्पिटलांत अजमलीन हे इंजेक्शन वापरलं जातं. हृदयविकाराने गेलेल्या हकीमाचं नाव असं हृदयाच्याच औषधाला लागलं.

कलकत्ता, मुंबई आणि पुढे

त्याच 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की सर्पगंधेने वेडसरपणाबरोबर वाढलेला रक्तदाबही उतरतो. तोपर्यंत रक्तदाब मोजण्याचा पट्टा येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण वाढलेला रक्तदाब खात्रीने उतरवणारी गोळी जगात कुठेच नव्हती. डॉक्टर आकडा पाहायचे आणि मीठ बंद करा, आराम करा, एवढंच सांगायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 1945 मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन वारले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300/190 होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसालाही तेव्हा बीपीची गोळी मिळाली नाही, कारण ती बनलीच नव्हती.

पुढचं पाऊल आपल्या मुंबईत पडलं. परळच्या केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील अनेक वर्षं बीपीच्या रोग्यांना सर्पगंधा देत होते आणि नोंदी ठेवत होते. 1949 मध्ये त्यांनी 50 रोग्यांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. रोज किती दिलं, आठवड्यागणिक दाब किती उतरला, त्रास काय झाला, सगळं आकड्यांत. पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदा या मुळीकडे गेलं ते या लेखामुळे. बोस्टनच्या डॉक्टर विल्किन्स यांनी ती आपल्या रोग्यांवर वापरून पाहिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव रेसर्पिन. काही वर्षांतच ते जगभर गेलं. 1957 मध्ये डॉक्टर वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

तरीही एक मोठा प्रश्न उरला होता. गोळीने आकडा उतरतो हे खरं, पण त्याने माणूस वाचतो का? अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये 143 पुरुषांवर याची परीक्षा झाली. सगळ्यांचा रक्तदाब खूप वाढलेला. अर्ध्यांना खरी औषधं दिली, त्यात एक रेसर्पिन होतं. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. 1967 मध्ये निकाल आला. औषध नसलेल्या गटात पक्षाघात, हृदय बंद पडू लागणं यांसारखे 27 गंभीर प्रसंग घडले, औषध घेणाऱ्या गटात फक्त 2. त्या दिवसापासून बीपीच्या गोळीने जीव वाचतो हे अंदाजाचं राहिलं नाही, सिद्ध झालं. आणि त्या सिद्धतेत आपल्या मातीतल्या, तिब्बिया कॉलेजात तपासल्या गेलेल्या मुळीचा वाटा होता.

मग आज डॉक्टर सर्पगंधा का देत नाहीत? कारण परीक्षा तिथेच थांबली नाही. रेसर्पिनने काही रोग्यांना नैराश्य येतं, सुस्ती येते, नाक चोंदतं, असं दिसून आलं. पुढे त्याहून कमी त्रासाची औषधं आली. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी. चांगलं सापडलं की कमी चांगलं बाजूला ठेवायचं. हकीमसाहेबांना आपल्या वैद्यकात हीच रीत आणायची होती.

आपल्या घरातली गोळी

आता आपल्या घराकडे वळू. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून बहुतेकांना ते आजार वाटतच नाही. डॉक्टरांकडे वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या वर राहत असेल, तर ते वाढलेलं मानतात. आतल्या आत ते मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं. कळतं तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो.

आपल्या लोकांत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोजलं, नॉर्मल आलं, गोळी बंद. पण ते नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. चष्मा लावून स्पष्ट दिसायला लागलं म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही. गोळीची सवय लागते असंही म्हणतात. ही नशा नव्हे, गरज आहे. वजन घटवलं, मीठ कमी केलं, चालणं वाढवलं, तर कुणाकुणाची मात्रा कमी होऊ शकते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळी मारतो आणि जिवावर बेततं.

त्रास होत असेल तर तो सांगा. अॅम्लोडिपिनने कुणाच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने कुणाला कोरडा खोकला लागतो. याला दुसऱ्या गोळीचा पर्याय असतो. गुपचूप सोडून देणं हा पर्याय नाही. अब्बांची गोळी अम्मीने घेणं, शेजारच्या खालाला लागू पडली म्हणून आपण आणणं, हेही नको. एकाला चालणारी गोळी दुसऱ्याच्या किडनीला किंवा दम्याला घातक ठरू शकते. बीपीची गोळी चालू असलेल्या सुनेला किंवा मुलीला दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना कळवा, कारण यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला धोक्याच्या असतात. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

रमजानचा विषय वेगळा सांगायला हवा. रोजे आहेत म्हणून महिनाभर गोळी बंद ठेवणारे आपल्या ओळखीत असतातच. त्याची गरज नसते. आज बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तारनंतर किंवा सहरला घेता येतात. कुठली कधी, पाण्याची गोळी बदलायची का, मात्रा कमी करायची का, हे रमजान सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. ज्यांचा दाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना किडनी-हृदयाचा त्रास आहे, त्यांनी रोजा ठेवावा की नाही, हे डॉक्टर आणि आपल्या आलिमांशी बोलून ठरवावं. इफ्तारच्या दस्तरखानावरचे पापड, लोणचं, चिप्स, खारट भजी, यांतलं मीठही मोजलं पाहिजे. दिवसभरात एका माणसाच्या पोटात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ जावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

युनानी औषध घ्यायचंच नाही का? तसं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे शिकलेले, नोंदणी असलेले चांगले हकीम आहेत. पण असरोलच्या गोळ्या आणि डॉक्टरांची बीपीची गोळी, दोन्ही एकमेकांना न सांगता घेतल्या तर दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो, चक्कर येऊन माणूस पडू शकतो, मन उदास होऊ शकतं. म्हणून हकीमांना डॉक्टरांचा कागद दाखवा आणि डॉक्टरांना हकीमांची पुडी दाखवा. नाव नसलेली, आत काय आहे हे न लिहिलेली पुडी, मग ती कुणीही दिलेली असो, घेऊ नका. औषधं शुद्ध आणि एकसारखी असावीत म्हणून तर हकीमसाहेबांनी हिंदुस्तानी दवाखाना काढला होता.

पैशाची अडचण खरी आहे. महिन्याच्या शेवटी गोळ्या संपल्या की आठ-दहा दिवस खंड पडतो. घरात मुलांची फी भरायची असते, तेव्हा अम्मी स्वतःची गोळी आधी थांबवते आणि कुणाला सांगतही नाही. अशा वेळी सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, बीपीची मूळ औषधं तिथे मोफत दिली जातात. जनऔषधी केंद्रात हीच औषधं ब्रँडच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त मिळतात. मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातल्या तरुणांनी मनावर घेतलं, तर महिन्यातून एकदा जुम्याच्या नमाजनंतर बीपी मोजण्याची सोय सहज होऊ शकते. त्यासाठी एक चांगलं मशीन आणि एक जाणकार नर्स किंवा डॉक्टर पुरे.

हकीम अजमल खान यांची कबर दिल्लीत आहे, कॉलेज करोल बागेत आहे, जामिया आता हजारो मुलामुलींना शिकवते. त्यांच्या नावाने आपण कार्यक्रम करतो, ते करावेतच. पण यंदाच्या युनानी दिनाला आणखी एक काम करता येईल. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. पट्ट्यांवरच्या तारखा बघा, किती उरल्यात ते मोजा, शेवटचं बीपी कधी तपासलं ते विचारा. गोळी का सोडली हे न रागावता विचारा, कारण कारण बहुतेकदा पैशाचं किंवा भीतीचं असतं. आणि पुढची तपासणी असेल, तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः जा.

अल्लाह त्यांच्या कबरीला नूराने भरो आणि आपल्या घरातल्या सगळ्या आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.